बार कॉर्ड की ओपन कॉर्ड: पट्टी कळल्यावर निवड कशी करावी

गायिका "काळी चार" असे सांगते, तेव्हा साथीला बसलेल्या गिटारवादकाचा पहिला हिशेब बोटांचा असतो. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, अर्थात जी शार्प, आणि या पट्टीतली मुख्य कॉर्ड मोकळ्या तारा घेऊन पहिल्या तीन फ्रेटांत (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या घरांत) मिळत नाही. मग चौथ्या फ्रेटवर तर्जनी आडवी टाकून सगळे गाणे बार कॉर्ड्सवर वाजवावे, की पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जी, ई मायनर, सी आणि डी या ओळखीच्या ओपन कॉर्ड्स धराव्यात, असा प्रश्न पडतो. नवशिका वादक तो बहुधा "मला काय जमते" या कसोटीवर सोडवतो. चार-पाच वर्षे वाजवलेला वादक पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातो आणि बार जमतो हे दाखवण्यासाठी जिथे तिथे बारच लावतो. माझ्या मते या दोन्ही कसोट्या कामाच्या नाहीत. कॉर्ड छेडल्यानंतर ती किती वेळ घुमत राहायला हवी आणि तिला थांबवणे कोणत्या हाताच्या ताब्यात असायला हवे, या दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. बोटांची मांडणी त्यानंतर आपोआप निघते.

पुढे कॉर्ड्स आकड्यांत लिहिल्या आहेत. आकडे सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पहिल्या, सर्वांत बारीक तारेपर्यंत वाचावेत. शून्य म्हणजे मोकळी तार आणि फुली म्हणजे वाजवायची नाही अशी तार. गिटार नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावलेली आहे असे धरले आहे.

एकच जी कॉर्ड दोन प्रकारे धरून पाहिली की फरक कानाला कळतो. ओपन जी ३-२-०-०-०-३ अशी धरली तर खालून वर जी, बी, डी, जी, बी, जी असे सूर मिळतात. जीला षड्ज मानले तर हे सा, ग, प, सा, ग, सा झाले. तीच कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर बार लावून ३-५-५-४-३-३ अशी धरली तर सा, प, सा, ग, प, सा असा क्रम येतो. पहिल्या मांडणीत गंधार दोनदा येतो आणि त्यातला एक अगदी खाली, पाचव्या तारेवर असतो. दुसरीत गंधार एकदाच, मधोमध येतो आणि तळाशी सा-प-सा असा भक्कम पाया राहतो. खालचा गंधार एकट्या गिटारवर उबदार वाटतो, पण शेजारी हार्मोनियम किंवा की-बोर्डचा डावा हात चालू असेल तर तोच सूर गढूळ ऐकू येतो. अनेक अनुभवी वादक ओपन जी धरतानाही मधल्या बोटाच्या कडेने पाचवी तार बंद ठेवतात, त्याचे कारण हेच आहे.

दुसरा फरक नादाच्या लांबीचा आहे. दाबलेल्या तारेमागे बोटाचे मांस असते आणि ते थोडे कंपन शोषून घेते, तर मोकळी तार नटच्या (मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) कडक कडेवर टेकलेली असल्यामुळे अधिक उजळ आणि जास्त वेळ वाजते. शिवाय मोकळ्या तारेवर डाव्या हाताची सत्ता नसते. बार कॉर्डमध्ये बोटांचा दाब किंचित सैल केला, बोटे तारांवरून उचलली मात्र नाहीत, की सहाही तारा एकदम गप्प होतात. ओपन जीवर हेच करून पाहिले तर मधल्या तीन तारा निर्विकारपणे वाजत राहतात. त्यांना थांबवायला उजव्या हाताचा तळवा आणावा लागतो, आणि तो हात तर ठेका धरण्यात गुंतलेला असतो.

यातून निवडीचा पहिला नियम निघतो. ज्या गाण्यात एका मात्रेचा नाद दुसऱ्या मात्रेत विरघळायला हवा, उदाहरणार्थ संथ दादऱ्यात एकेक तार छेडत जाणारी साथ, तिथे ओपन कॉर्ड घ्यावी. ज्या गाण्यात मात्रांच्या मधली शांतताही वाजायला हवी, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर आखूड, कोरडा "चक्" हवा असतो, तिथे बार कॉर्ड घ्यावी. याला अपवाद आहेत, पण गाणे नवे असेल आणि विचाराला वेळ नसेल, तर एवढ्यावर घेतलेला निर्णय बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

आता पट्टीकडे येऊ. आपल्याकडे गायक पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत बोलतात, आणि पेटीवर ज्या काळ्या पट्ट्या आहेत त्या गिटारवर मोकळ्या तारांच्या सोयीच्या नसतात. स्त्रियांचे आवाज अनेकदा काळी चार ते काळी पाच यांच्या आसपास आणि पुरुषांचे काळी एकच्या आसपास लागतात, त्यामुळे सुगम संगीताची साथ करणाऱ्या गिटारवादकाला कॅपोशिवाय गत्यंतर नसते. कॅपो प्रत्येक फ्रेटला अर्धा सूर चढवतो. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्या कॉर्ड्स वाजवता येतात, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून ईच्या. काळी पाचसाठी तिसऱ्या फ्रेटवर जीच्या किंवा पहिल्या फ्रेटवर एच्या. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर डीच्या किंवा तिसऱ्यावर सीच्या, आणि काळी तीनसाठी दुसऱ्या फ्रेटवर ईच्या किंवा चौथ्यावर डीच्या.

काळी एकचा विचार जरा सविस्तर करायला हवा, कारण तिथे तीन वाटा आहेत. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या कॉर्ड्स घेतल्या तर मध्यमावरची कॉर्ड एफ येते, म्हणजे बार टळत नाही. चौथ्या फ्रेटवर लावून एच्या कॉर्ड्स घेतल्या तर ए, डी, ई या तिन्ही मुख्य कॉर्ड्स मोकळ्या मिळतात, पण गिटारचा खर्ज हरवतो. तिसरी वाट म्हणजे सगळी गिटार अर्धा सूर उतरवून डीच्या कॉर्ड्स वाजवणे. मला ही वाट सर्वांत आवडते. डीच्या मांडणीत चौथी मोकळी तार षड्ज आणि पाचवी मोकळी तार पंचम देते, त्यामुळे कॉर्ड बदलतानाही तंबोऱ्यासारखा आधार चालू राहतो. शिवाय तारांचा ताण कमी झाल्यामुळे मध्ये एखादा बार लावावा लागला तरी तो हलका पडतो. अडचण एवढीच, की पुढचा गायक वेगळ्या पट्टीतला निघाला तर सगळ्या तारा पुन्हा लावायला वेळ लागतो. संपूर्ण कार्यक्रम एकाच गायकाचा असेल तेव्हाच ही वाट धरावी. कॅपो पाचव्या फ्रेटच्या पुढे नेला की आवाज मँडोलिनच्या बाजूला झुकतो. एखाद्या गाण्याला ते शोभते, पण एकटीच गिटार साथीला असेल तर साथ पोकळ वाटते.

कॅपो लावून ओपन कॉर्ड्स घेतल्या तरी बार पूर्णपणे सुटत नाही. जी किंवा डीच्या पट्टीत बी मायनर येते, एच्या पट्टीत एफ शार्प मायनर येते आणि सीच्या पट्टीत एफ येते. इथे वादकासमोर तीन पर्याय असतात: पूर्ण बार, अर्धी कॉर्ड, किंवा जवळची दुसरी कॉर्ड. एफसाठी ×-×-३-२-१-१ ही चार तारांची मांडणी पुष्कळदा पूर्ण बारपेक्षा चांगली वाटते, कारण तिच्या आधी आणि नंतर येणाऱ्या सी आणि ए मायनरही हलक्या असतात. मध्येच सहा तारांची भरगच्च एफ आली तर ती पायरीसारखी उंच लागते. पहिली तार मोकळी सोडून ×-×-३-२-१-० अशी धरली तर एफ मेजर सेव्हन मिळते. ती गोड आहे आणि सोपी आहे, म्हणून नवशिके ती सरसकट वापरतात. पण सीच्या पट्टीत एफ म्हणजे मध्यम. गायक त्या जागी मध्यमावरच थांबला असेल, तर मोकळ्या पहिल्या तारेचा ई, म्हणजे गंधार, त्याच्या सुराला अर्ध्या सुराच्या अंतरावरून घासतो. गायकाला कारण सांगता येत नाही, पण तो अस्वस्थ होतो आणि सूर जरा चढवून धरतो. सोपी कॉर्ड निवडण्यापूर्वी त्या मात्रेवर चाल कोणत्या सुरावर आहे, एवढे गुणगुणून पाहावे.

पूर्ण बार लावायचा ठरला तर तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबायच्या असतात, हा समज सोडून द्यावा. हाताला येणारे बहुतेक दुखणे या समजातून येते. एफ म्हणजे १-३-३-२-१-१ ही कॉर्ड बोटाबोटाने पाहू. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका आहे, चौथ्या तारेवर तिथेच करंगळी आहे आणि तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला मधले बोट आहे. म्हणजे तर्जनीला खऱ्या अर्थाने सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीनच तारा दाबायच्या आहेत. मधल्या तीन तारांवर तिचा दाब असला काय आणि नसला काय, फरक पडत नाही. म्हणून तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती करावी, म्हणजे मऊ भागाऐवजी हाडाची कड तारांवर येते, आणि ती फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ चिकटून ठेवावी. बी मायनर ×-२-४-४-३-२ मध्ये तर्जनीकडे पाचवी आणि पहिली अशा दोनच तारा असतात. उलट एफ शार्प मायनर २-४-४-२-२-२ मध्ये सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली अशा चार तारा तिच्यावर येतात, आणि तिसरी तार नेमकी बोटाच्या पेरांमधल्या खळगीत सापडते. एफ स्वच्छ वाजवणाऱ्यांची एफ शार्प मायनर भुण्ण वाजते ती यामुळे. अशा वेळी बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवून खळगी दोन तारांच्या मधल्या जागेत आणावी. जोर वाढवू नये. जोराने दाबलेल्या तारा चढतात आणि मग सुरात लावलेली गिटारही बेसूर वाटते.

शिकण्याची सुरुवात पहिल्या फ्रेटवरच्या एफने करण्याची पद्धत मला उलटी वाटते. ६४८ मिलिमीटर लांबीची तार असलेल्या गिटारवर नट ते पहिला फ्रेट हे अंतर सुमारे ३६ मिलिमीटर असते आणि चौथ्या ते पाचव्या फ्रेटचे अंतर सुमारे २९ मिलिमीटर. पाचव्या फ्रेटवर बोटे कमी ताणावी लागतात आणि नट लांब असल्यामुळे तारही सहज वाकते. म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर, म्हणजे ५-७-७-६-५-५ असा ए कॉर्ड म्हणून पक्का करावा आणि काही दिवसांच्या अंतराने एकेक फ्रेट खाली यावे. पहिल्या फ्रेटपर्यंत पोहोचायला महिना लागला तरी हरकत नाही.

कधी कधी दोष बोटांचा नसून गिटारचाही असतो, आणि तो ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा आणि त्याच्या पुढे एफचाच आकार धरून पाहावा. ती कॉर्ड कॅपोशिवायच्या एफपेक्षा एकदम सोपी झाली, तर नटच्या खाचा उंच राहिल्या आहेत असे समजावे. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून त्या खोल करून घेणे हे थोड्या वेळाचे काम आहे. माझ्या पहिल्या गिटारचा नट असाच उंच होता. मी जवळजवळ वर्षभर स्वतःच्या मनगटाला दोष देत राहिलो आणि दुकानदाराने "बोटे तयार झाली की जमेल" असे सांगून माझी समजूत काढली. फरक फारसा पडला नाही, तर बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतले अंतर मोजावे. ॲकूस्टिक गिटारवर जाड तारेखाली ते साधारण अडीच मिलिमीटरच्या आत असावे. मुंबईत आणि कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात लाकूड ओलावा धरते, वरची फळी फुगते आणि हे अंतर वाढते. मे महिन्यात जमणारी बी मायनर ऑगस्टमध्ये जड वाटली तर त्यात वादकाचा अपराध नसतो. तारांचा सेटही पाहून घ्यावा. पहिली तार बाराच्या (०.०१२ इंच) जाडीची असेल तर दहाचा (०.०१० इंच) सेट घालून बार लावणे कितीतरी सोपे होते, मात्र ओपन कॉर्ड्सचा भरदार आवाज त्या प्रमाणात कमी होतो.

ओपन आणि बार यांच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे आणि त्याकडे फार थोडे वादक वळतात. ई कॉर्डचा आकार ०-२-२-१-०-० तसाच उचलून वर न्यावा, तर्जनीने बार न लावता फक्त सहावी तार दाबावी आणि वरच्या दोन तारा मोकळ्या सोडाव्यात. पाचव्या फ्रेटवर ५-७-७-६-०-० अशी धरली तर ए कॉर्डमध्ये बी, म्हणजे रिषभ, मिसळतो. तिसऱ्या फ्रेटवर ३-५-५-४-०-० धरली तर जीमध्ये ई, म्हणजे धैवत, येतो. खालच्या तारांवर बारचा भक्कमपणा आणि वर मोकळ्या तारांची झळाळी असा हा मेळ आहे. ईच्या पट्टीत तो विशेष खुलतो, कारण मोकळ्या दोन तारा तिथे पंचम आणि षड्जच असतात.

जीच्या पट्टीतही असाच एक उपाय आहे. अनामिका आणि करंगळी दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला खिळवून ठेवावीत आणि खालची दोन बोटे तेवढी हलवावीत: जी ३-२-०-०-३-३, ई मायनर ०-२-२-०-३-३. सी आणि डी धरताना तीच दोन ठिकाणे कायम ठेवून ×-३-२-०-३-३ आणि ×-×-०-२-३-३ असे धरावे. यासाठी सीला मधले बोट पाचव्या तारेवर न्यावे लागते आणि तर्जनी चौथ्या तारेवर जाते. डीला तर्जनी तिसऱ्या तारेवर येते. वरच्या दोन तारांवर पंचम आणि षड्ज अखंड वाजत राहतात. कॅपो पहिल्या फ्रेटवर असेल तर तो काळी चारचाच पंचम-षड्ज होतो. यातल्या डीमध्ये तिचा स्वतःचा गंधार नसतो, म्हणजे गाण्याच्या पट्टीतला शुद्ध निषाद गायब असतो, हे लक्षात ठेवावे. चाल निषादावर विसावत असेल तिथे साधी डी ×-×-०-२-३-२ घ्यावी.

सोबत कोण वाजवत आहे, याचाही विचार करावा. तबल्याचा डग्गा आणि पेटीचा खर्ज चालू असताना गिटारने सहाव्या-पाचव्या तारेवर गर्दी करू नये. काळी चारला अशा वेळी ×-×-६-५-४-४ ही वरच्या चार तारांची छोटी बार कॉर्ड पुरते, आणि ती पूर्ण बारपेक्षा कमी श्रमाची आहे. दोन गिटार असतील तर दोघांनी एकच मांडणी धरणे म्हणजे एक गिटार फुकट घालवणे होय. एकाने पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जीच्या ओपन कॉर्ड्स घुमवाव्यात आणि दुसऱ्याने कॅपोशिवाय वर सांगितलेल्या छोट्या कॉर्ड्सचा आखूड ठेका धरावा. इलेक्ट्रिक गिटारवर डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम, लावले असेल तर ओपन कॉर्ड्स जवळजवळ विसराव्यात. त्यात सगळे सूर एकमेकांत घुसतात आणि गंधार कर्कश होतो, म्हणून तिथे नुसता सा-प-सा असलेला बारचा खालचा भागच वाजवतात.

शेवटी एक प्रसंग, कारण त्यात दोन्ही प्रकारांची गरज एकाच गाण्यात पडली. कॉलेजच्या गॅदरिंगला मी काळी चारचे गाणे पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ओपन कॉर्ड्सवर वाजवत होतो. की-बोर्डवाल्याने शेवटच्या कडव्याला, तालमीत कधीही न ठरलेले असताना, पट्टी अर्धा सूर चढवली. चालू गाण्यात कॅपो सरकवायला हात मोकळा नसतो. त्या दिवशी मी दोन ओळी गप्प बसलो. आता असे काही झाले तर काय करायचे ते ठरलेले आहे: नवी पट्टी ए, म्हणून गिटारच्या पाचव्या फ्रेटवर ईच्या आकाराचा बार, डीसाठी त्याच फ्रेटवर एच्या आकाराचा बार आणि ईसाठी तोच आकार सातव्या फ्रेटवर. एफ शार्प मायनर दुसऱ्या फ्रेटवर घेऊ नये, कारण कॅपो तर्जनीच्या अगदी मागे येतो आणि हात अडकतो. ती नवव्या फ्रेटवर ए मायनरच्या आकारात घ्यावी. कॅपो तसाच राहतो, कारण यातल्या एकाही कॉर्डमध्ये मोकळी तार नसते. गाण्याच्या कागदावर मी आता शब्दांच्या वर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो: कॅपोचा फ्रेट, बार हव्याच अशा जागांवर एक आडवी रेघ, आणि शेवटच्या कडव्यासमोर पट्टी चढली तर पहिला बार कोणत्या फ्रेटवर लावायचा तो आकडा.